तंत्र, यंत्र आणि आम्ही

पन्नाशी उलटल्यावर माणसाने काय करावे, याविषयी आपल्या समाजात फारसे मतभेद नाहीत. मुलीचे लग्न, घराची डागडुजी, गुडघ्यांची निगा आणि निवृत्तिवेतनाचे कागद या चार गोष्टींत तो गुंतलेला असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. त्याने परीक्षेला बसावे, असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे शैक्षणिक तंत्रविज्ञान या विषयातील पदव्युत्तर पदविका आम्ही वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पदरात पाडून घेतली, ही वार्ता गावात पसरली तेव्हा अभिनंदनापेक्षा चौकश्याच अधिक झाल्या. पगार वाढतो काय? बढती मिळते काय? निवृत्तीचे वय पुढे सरकते काय? तिन्ही प्रश्नांना आम्ही नकारार्थी उत्तर दिल्यावर विचारणाऱ्याच्या मुद्रेवर जी करुणा उमटे, ती पाहून आम्हालाच त्याचे सांत्वन करावेसे वाटे. आमच्या सौभाग्यवतींनी प्रश्न विचारला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "झाल्या ना परीक्षा? मग ते जेवणाच्या टेबलावरचे गठ्ठे तेवढे उचला."

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या बाजूला. सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा. पहिली ते सातवी, मुले अठ्ठावन्न, आणि आम्हांस धरून शिक्षक तीन. नऊ वर्षांपूर्वी आम्ही येथे मुख्याध्यापक म्हणून आलो तेव्हा पटावर चौऱ्याण्णव मुले होती. आमची पुस्तके बंगळूरहून मराठीत भाषांतरित होऊन येतात, परिपत्रके कन्नडमध्ये येतात, मुले घरी मराठी बोलतात, बाजारात दोन्ही बोलतात, आणि रागावली म्हणजे कोणती बोलतात ते सांगवत नाही. हे सारे महाराष्ट्रातील पाहुण्यांना समजावून सांगावे लागते. इंदूर-बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरांना त्यातले अर्धे तरी न सांगता उमजेल. आम्ही स्वतः १९९३ साली धारवाडहून मराठीत एम.ए. झालो. म्हणजे आमचा पिंड ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकरांचा. यंत्राशी आमचा संबंध सायकलीच्या पंपापलीकडे फारसा गेलेला नव्हता.

मग हे खूळ डोक्यात कोठून शिरले? त्याचे उत्तर २०२० साली सापडते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ऑगस्टमध्ये कर्नाटकात 'विद्यागम' नावाची योजना निघाली आणि शिक्षकांनीच मुलांच्या दारी जावे असे ठरले. आम्ही देवळाच्या सभामंडपात, चिंचेखाली, एकाच्या तर गुळाच्या रिकाम्या खोपीत वर्ग भरविले. ऑक्टोबरमध्ये तेही थांबले. दूरचित्रवाणीवर धडे सुरू झाले होते, ते मुख्यतः राज्यभाषेत. भ्रमणध्वनीवर मराठी पाठांची रेलचेल होती, ते पुण्या-मुंबईचे, त्यांच्या पुस्तकांच्या क्रमाने चालणारे. आमची मुले या दोहोंच्या मधल्या बांधावर उभी राहिली. आमच्याकडील कितीतरी घरांतील बाप्ये गवंडीकामाला गोव्यात. घरातला एकुलता एक फोन त्यांच्याबरोबर. ज्यांच्या घरी फोन होता त्यांना गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन तो आकाशाकडे धरावा लागे. अशीच एक सहावीतली मुलगी, कोणत्याशा शहरी बाईंचा पाठ अर्धा ऐकून झाल्यावर, आम्हांला म्हणाली, "सर, ह्या बाई कुठलं मराठी बोलूलाय?"

मुलीच्या प्रश्नात टवाळी नव्हती. त्या बाईंचे मराठी शुद्ध होते, उच्चार स्पष्ट होते, चित्रेही सुरेख होती. तरी काहीतरी पोहोचत नव्हते. ते काय, हे आम्हांला सांगता येईना. तीस वर्षे शिकवून झाल्यावर सहावीच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर सुचू नये, हे आमच्या जिव्हारी लागले. आणि २०२२ साली आम्ही एका मुक्त विद्यापीठात नाव घातले.

माहितीपत्रकात एक वर्षाचा म्हणून छापलेला अभ्यासक्रम आम्हांस अडीच वर्षे पुरला. पुस्तके इंग्रजीत. आमचे इंग्रजी वर्तमानपत्रापुरते. त्यामुळे पहिल्या पुस्तकाची पहिली वीस पाने वाचावयास आम्हांला एक दिवाळीची सुट्टी लागली. रविवारी अभ्यासकेंद्रावर जावयाचे, बसमध्ये स्वाध्याय लिहावयाचे. परीक्षेच्या पहिल्या दिवशी दोन तरुणांनी आम्हांला पर्यवेक्षक समजून पुरवणी मागितली, आणि आम्ही त्यांच्याच बाकावर जाऊन बसल्यावर त्यांच्यापैकी एकाने संकोचून आपली पाण्याची बाटली पुढे केली. अभ्यासाच्या कष्टांची कहाणी एवढीच पुरे. परीक्षा प्रत्येकाने दिलेल्या असतात.

सांगावयाचे आहे ते निराळे. आमची अपेक्षा अशी की, या अभ्यासक्रमात आम्हांला यंत्रे चालवावयास शिकवतील. थोडीफार शिकवलीही. परंतु पुस्तके उघडून पाहतो तो आत यंत्रांची कमी आणि यंत्रांविषयीच्या भ्रमनिरासांचीच हकीकत जास्त. १९१३ साली एडिसन यांनी भाकीत केले होते की, शाळेतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील, चलच्चित्रे त्यांची जागा घेतील आणि दहा वर्षांत शाळेचा कायापालट होईल. आमच्या शाळेत पुस्तके अजून आहेत; ती जूनमध्ये वेळेवर येतात की नाही हा प्रश्न वेगळा. पुढे नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली, संगणक आला, आणि प्रत्येकाच्या आगमनास कोणी ना कोणी हेच भाकीत नव्याने केले.

एका गोष्टीने आम्हांला मनापासून हसविले. प्रशिक्षणवर्गात आजवर किमान दहा वेळा आम्ही एक तक्ता पाहिला आहे: माणूस वाचलेले दहा टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के, आणि स्वतः केलेले नव्वद टक्के. तक्त्याखाली एडगर डेल या अमेरिकन अध्यापकाचे नाव. डेल यांनी १९४६ साली आपल्या ग्रंथात अनुभवांचा एक शंकू काढला होता हे खरे. पण त्यात टक्केवारीचा मागमूसही नव्हता. ते आकडे मागाहून कोणीतरी चिकटविले आणि ते जगभर फिरले. आकड्यांचा तो गुळगुळीतपणा पाहून आम्हांलाच पूर्वी संशय यावयास हवा होता, असे कोणी म्हणेल. परंतु प्रशिक्षणवर्गात जेवणाच्या सुट्टीपूर्वी संशय घेण्याची प्रथा नाही.

उपग्रहाचा प्रकरणभाग मात्र आम्ही कादंबरीसारखा वाचला, कारण त्याची अर्धी गोष्ट घरातलीच होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात, अमेरिकेकडून उसना मिळालेल्या उपग्रहावरून, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग आपल्या देशात झाला. कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यात होते, आणि विजापूर जिल्ह्यातील अशाच एका खेड्यात आमचे थोरले मामा मास्तर होते. शाळेच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट रुंदीची थाळी उभी राहिली, आणि आत लाकडी पेटीत संच. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी. पण तो हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया अशा चार भाषांत वाटलेला, म्हणजे एकेका भाषेच्या वाट्यास साडेबावीस मिनिटे. मामांना आम्ही लहानपणी विचारले होते, "मामा, संच आल्यावर तुम्ही काय करीत होता?" ते म्हणाले होते, "अरे, संच साडेबावीस मिनिटं बोलायचा आणि जायचा. पोरं मग उरलेला दिवस मला विचारायची. तो बोलून गेला त्याचे मला निस्तरायला लागायचं." वर्ष संपले, उपग्रह दुसरीकडे वळविला गेला. मामा राहिले, पुढे बावीस वर्षे शिकवून निवृत्त झाले.

मामांचे ते निस्तरणे म्हणजेच आमचा विषय आहे, हे कळावयास आम्हांला पहिले वर्ष लागले. मराठीचा विद्यार्थी असल्याने आम्ही शेवटी शब्दालाच शरण गेलो. 'तंत्र' हा शब्द 'तन्' या धातूपासून आलेला, ताणणे, पसरणे. तंत्र म्हणजे मुळात मागावर ताणलेले उभे सूत. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात ज्यांनी विणकरांचे माग पाहिले आहेत त्यांना हे डोळ्यांपुढे आणावयास कष्ट नाहीत. धोटा इकडून तिकडे पळतो, त्याचा खटखटाट गल्लीभर ऐकू येतो, पाहणारा त्याच्याकडेच पाहतो. पण पहाटे उठून विणकर आधी ताणा लावतो, आणि ताणा चुकला तर धोटा कितीही धावो, वस्त्र होत नाही. यंत्र म्हणजे धोटा. तंत्र म्हणजे ताणा. आमच्या शाळांतून आजवर जे आले ते धोटेच धोटे, आणि त्यांतले बरेचसे कपाटात कुलूपबंद आहेत.

यंत्राविना तंत्र कसे असते, हे आम्ही पुस्तकात वाचले, पण पाहिले ते शेजारच्या कन्नड शाळेत. अभ्यासकेंद्रावर आमच्या बाकाशेजारी धारवाडकडच्या एक तरुण शिक्षिका बसत. त्यांचे इंग्रजी आमच्यापेक्षा बरे, आमचा अनुभव त्यांच्यापेक्षा जुना. कन्नड-मराठी-हिंदीच्या काल्यात आमची देवघेव चाले. त्या 'नली-कली' शिकवीत. नली म्हणजे आनंदाने नाच, कली म्हणजे शीक. ही पद्धती म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली काही शिक्षकांनी ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहून उभी केली, आणि पुढे राज्यभरच्या कन्नड शाळांत गेली. पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात. भिंतीवर शिडी काढलेली असते. प्रत्येक पायरीला एक चित्र, प्रत्येक चित्राची कार्डे. मूल आपण होऊन आपली पायरी पाहते, आपले कार्ड काढते आणि ठरलेल्या मंडलात जाऊन बसते. एका मंडलात शिक्षक पूर्ण मदत करतो, दुसऱ्यात थोडी, तिसऱ्यात सोबतीच मदत करतात, चौथ्यात थोडी, आणि पाचव्यात मूल एकटे. आजारी पडलेले मूल परत आले तर त्याच पायरीवरून पुढे जाते. 'तुझे बुडाले' असे त्याला कोणी म्हणत नाही.

ते पाहून आम्हांला स्किनर आठवले. हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५३ साली पालक म्हणून आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले होते. सगळ्यांना एकच उदाहरण. ज्याचे झाले तो रिकामा, ज्याला येत नाही तो कासावीस, आणि उत्तर बरोबर की चूक हे कळावयास दुसरा दिवस. ते पाहून अस्वस्थ झालेल्या या गृहस्थांनी शिकविण्याचे यंत्र तयार केले: लहान लहान पायऱ्या, उत्तराची शहानिशा तत्काळ, आणि गती ज्याची त्याची. ते यंत्र अडगळीत गेले. पण त्यातला ताणा पाहावा तर तो हेग्गडदेवनकोट्याच्या पुठ्ठ्याच्या कार्डांत निघाला. आणि शिवाय तेथे शेजारी बसून चूक दाखविणारी मैत्रीण आहे, जी स्किनरसाहेबांच्या पेटीत नव्हती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला शिंपले, बिया, पाने आणि खडे यांतून बालशिक्षणाची साधने उभी केली, तीही याच कुळातली. बी.एड.ला आम्ही त्यांच्यावर टिपा लिहिल्या होत्या. 'शैक्षणिक तंत्रविज्ञान' या मथळ्याखाली त्यांचे नाव घालावे हे तेव्हा कोणी सांगितले नाही, आम्हांलाही सुचले नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या अभ्यासक्रमात 'माध्यम' हा शब्द पानोपानी येई. त्यांचे माध्यम म्हणजे नभोवाणी, चित्रफीत, संगणक. सीमाभागात माध्यम हा शब्द उच्चारला की लहान पोरही एकच अर्थ घेते: मराठी की कन्नड की इंग्रजी. आमच्या गावात माध्यमावरून सोयरिकी जुळल्या-मोडल्या नसतील, पण जेवणाच्या पंगती उठल्या आहेत. तेव्हा रिचर्ड क्लार्क नावाच्या विद्वानाचा १९८३ सालचा सिद्धान्त आम्ही वाचला त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माध्यम शिकवीत नाही. ते नुसते वाहन. बाजारात भाजी आणणाऱ्या ट्रकमुळे खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही. बदलते ते भाजीमुळे. तसे शिकणे घडते ते पाठाच्या रचनेमुळे, मग तो पडद्यावरून येवो वा फळ्यावरून. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ साली याला उत्तर दिले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पडद्याच्या बाबतीत आम्ही क्लार्क यांच्या बाजूचे. परंतु आमच्या अर्थाच्या माध्यमाचे काय? भाषाही ट्रकच असेल, तर आमच्या अठ्ठावन्न मुलांसाठी मराठी शाळा चालविण्याचा आग्रह कशासाठी? भाजी कोणत्याही गाडीतून येऊ द्या!

बरीच रात्र आम्ही या विचारात काढली. शेवटी आमच्यापुरता निवाडा असा झाला की, भाषा ही ट्रक नव्हे. ती जीभ आहे. चव तिच्यावरच कळते. टेकाडावरच्या त्या मुलीपर्यंत भाजी आली होती, ट्रकही उत्तम होता. पण पाठ कोणा दुसऱ्याच्या जिभेसाठी रांधलेला होता. मराठी होता, पण तिचा नव्हता. आणि हे ओळखले की मग आमच्यासारख्या भाषाभिमान्यांनाही एक गोष्ट गिळावी लागते: नुसते मराठीत आहे म्हणून ते आमच्या मुलांचे होत नाही.

यातूनच आमचा प्रकल्प निघाला. सहावीच्या मुलांसाठी साध्या यंत्रांवर आठ श्राव्य पाठ, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांचे. आमच्या पाहण्यातल्या चित्रफितींत कप्पी समजावयास उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, आणि बंदरावरची यारी दाखविलेली. आमच्या गावात सर्वांत उंच इमारत पाण्याची टाकी. पण कप्पी प्रत्येक जुन्या विहिरीवर आहे. आम्ही मुलांना घेऊन विहिरीवर गेलो. पाणी शेंदणाऱ्या एका वयस्क बाईंना एका मुलाने विचारले की, कप्पी नसती तर काय झाले असते? त्या म्हणाल्या, "वर ओढायचं म्हटलं तर कंबर जातीय बाबा. खाली ओढलं की आपल्या अंगाचा भारबी कामाला येतोय की!" स्थिर कप्पीने जोर वाचत नाही, केवळ जोराची दिशा बदलते आणि त्यामुळे आपले वजन उपयोगी पडते, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाला जे सांगावयास चार ओळी आणि एक आकृती लागते ते बाईंनी श्वास घेता घेता सांगितले. ते वाक्य आम्ही मुद्रित केले आणि पाठात जसेच्या तसे घातले. उरलेले मुद्रण घरी, रात्री दहानंतर, गाद्यांच्या ढिगाऱ्याआड तोंड घालून; आवाज घुमू नये म्हणून. सौभाग्यवतींनी त्या काळात शेजाऱ्यांना काय सांगितले ते आम्ही विचारले नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. इतरांनी आणलेले प्रकल्प रंगीत, हलणारे, बटण दाबले की फुले उधळणारे. आमचा प्रकल्प एका छोट्या ध्वनिवर्धकात. परीक्षकांनी कप्पीचा पाठ ऐकला, बाईंचे वाक्य पुन्हा लावावयास सांगितले, हसले, आणि मग त्यांनी सरळ विचारले, "हे सर्व छान आहे; पण यात तंत्रविज्ञान कोठे आहे?"

आम्ही म्हणालो, "बाईंच्या वाक्याआधी आवाज थांबतो. पाच सेकंद काही ऐकू येत नाही. तेथे आहे."

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या सुमारास शिक्षकांच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली आणि तिला आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद वाट पाहतो आणि मग दुसऱ्याला विचारतो किंवा उत्तर स्वतःच देऊन टाकतो. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, गप्प बसणारी मुले बोलतात, आणि मुले उलट प्रश्न विचारू लागतात. हे वाचल्यापासून आम्ही वर्गात मनात अंक मोजतो. एक, दोन, तीन. पस्तीस वर्षांचा मास्तर असे मूक उभे राहू लागल्यावर मुलांना प्रथम वाटले, सरांची तब्येत बरी नाही. पण चौथ्या दिवशी मागच्या रांगेतील एक मुलगा, जो वर्षभरात 'हजर' याखेरीज काही बोलला नव्हता, तो बोलला. परीक्षकांनी आमच्या त्या पाच सेकंदांना किती गुण दिले ठाऊक नाही. एकंदरीत आम्ही प्रथम श्रेणीत आलो.

पदविका हाती आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचा कस लागावयाची वेळ आली. गावातली जी मंडळी मुंबईस नोकरीधंद्याला आहेत त्यांचे एक मंडळ आहे. त्यांनी शाळेसाठी दीड लाख रुपये जमविले, आणि त्यांतून एक मोठा स्पर्शाने चालणारा स्मार्ट बोर्ड घ्यावा असा प्रस्ताव शाळा समितीपुढे आला. हेतू निखळ होता. शेजारच्या गावातील इंग्रजी शाळेत तसला बोर्ड आहे, तिची गाडी रोज सकाळी आमच्या दारावरून मुले घेऊन जाते, आणि त्या गाडीकडे बघणाऱ्या आयांना आम्ही दोष देत नाही. मंडळींना वाटत होते, बोर्ड आला तर पट टिकेल. त्यातून मुख्याध्यापक आता त्या विषयातले पदवीधर. म्हणजे त्यांचा होकार गृहीतच.

बैठकीला एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या होत्या. सर्व बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "गुर्जी, पोरानं काय इचारलं तर त्यो फळा सांगतोय काय?"

आम्ही नेहमीप्रमाणे मनात तीन मोजले. नंतर सांगितले ते असे: पहिली-दुसरीला आज स्वतंत्र शिक्षक नाही. गावातच डी.एड. झालेली, मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी एक मुलगी घरी बसून आहे. महिना आठ हजार मानधनाने दहा महिने तिला घेतले तर ऐंशी हजार होतात. उरलेल्यात पुठ्ठे, रंग, एक ध्वनिवर्धक आणि मुद्रणाचे लहानसे यंत्र येईल. बोर्ड वाईट नव्हे. सातवीला तो उपयोगी पडेलही. पण ज्या शाळेत विचारलेल्याला उत्तर देणारे माणूस कमी आहे तेथे आधी माणूस हवे. मंडळाचे चिटणीस क्षणभर पाहतच राहिले. ते म्हणाले, "सर, तंत्रज्ञानाची पदविका घेऊन तुम्हीच यंत्र नको म्हणता? मग हे शिकलात कशाला?" त्यांचा राग आम्ही समजू शकतो. बोर्डावर देणगीदारांची नावे कोरता येतात. माणसावर कोरता येत नाहीत.

अखेर तडजोड झाली. मंडळाने ऐंशी हजार दिले, उरलेले राखून ठेवले आणि पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. ती मुलगी जूनपासून येते. मुले तिला ताई म्हणतात, बाई म्हणत नाहीत. आम्ही दुरुस्त केले नाही. धारवाडकडच्या आमच्या सहाध्यायिनीने आपल्या शाळेतील कार्डांचे नमुने पाठविले. त्यांवरून आमच्या ताईने मराठी कार्डे करावयास घेतली आहेत. भाषांतर करून चालत नाही, हे तिला आमच्यापेक्षा लवकर समजले. कन्नडच्या पहिल्या पायरीवर जी अक्षरे येतात ती मराठीत तशी येऊन शब्द होत नाहीत, म्हणून तिने शिडीच नव्याने मांडली. आणि चित्रे शेंगा, रताळे, जोंधळा आणि खोपीतल्या काहिलीची. पहिलीत यंदा सहा मुले दाखल झाली, गेल्या वर्षी चार होती. दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे आम्हांला पदविकेनेच शिकविले आहे.

पैसे मार्चपर्यंत पुरतील. आम्ही मंडळाला सविस्तर पत्र लिहिले आहे, सोबत कप्पीचा पाठही धाडला आहे. उत्तर आलेले नाही. गणपतीला मंडळी गावात येतात, तेव्हा शाळेत फेरी होईलच. तोवर दुसऱ्या पायरीची कार्डे पुरी व्हावीत म्हणून मधल्या सुट्टीत सातवीच्या मुली पुठ्ठे कापीत असतात. कात्री एकच आहे. दुसरी आम्ही घरून आणून दिली, आणि ती कोठे गेली म्हणून घरी शोध चालू आहे.